डिलोरियनचं 1:8 मॉडेल : पत्रा, फटी आणि सोलापूरचं ऊन

सिनेमातल्या बहुतेक गाड्यांचं मॉडेल करताना शेवटी रंग सांभाळून घेतो. सांधा बसला नाही तर लांबी (पुट्टी) भरायची, लांबी घासताना खड्डा पडला तर प्रायमर, आणि वरून दोन हात चकचकीत रंग मारला की बघणाऱ्याला काही कळत नाही. ‘बॅक टू द फ्युचर’ (1985) मधल्या डिलोरियनच्या, म्हणजे काळात मागेपुढे प्रवास करणाऱ्या त्या गाडीच्या, बाबतीत ही सोय नाही. मूळ गाडीच्या अंगाला रंगच नव्हता. उघडा, ब्रश फिनिशचा स्टेनलेस पत्रा होता. त्यामुळे मॉडेल जमलंय की फसलंय हे लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून कळत नाही. पत्रा आणि दोन पत्र्यांमधल्या फटी बघितल्या की लगेच कळतं. तरीही दहातले आठ जण आधी दिवे विकत आणतात.

हा लेख पूर्ण हाताने बांधायच्या 1:8 मॉडेलचा आहे, तयार किटचा नाही. थ्री-डी प्रिंटर घरचा असला तर उत्तम. नसला तर फाइल देऊन बाहेरून छापून घेता येते. व्हर्निअर कॅलिपर मात्र स्वतःचा हवाच.

आधी ठरवा, कोणती गाडी

तिन्ही भागांतली गाडी सारखी नाही, आणि पहिल्या भागातही ती बदलत जाते. सुरुवातीला मागे दोन मोठ्या व्हेंटच्या मधे अणुभट्टी आहे. 1955 मधल्या शेवटच्या धावेत वीज पकडायचा दांडा आणि आकडा येतो. अगदी शेवटी भट्टी जाऊन तिथे कचऱ्यावर चालणारा ‘मिस्टर फ्युजन’ बसतो. त्यासाठी कॉफी दळायच्या क्रुप्स ग्राइंडरचा वापर केला होता. दुसऱ्या भागात चाकं आडवी होऊन गाडी उडते. तिसऱ्या भागात बॉनेटवर जुन्या व्हॉल्व्हचं खोकं आणि पांढऱ्या पट्ट्याचे टायर येतात.

आकडाही लावला आणि मिस्टर फ्युजनही बसवला, अशी खिचडी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. नंबर प्लेटचंही तेच. ‘आउटाटाइम’ची पाटी पहिल्याच चाचणीत गळून जमिनीवर गोल फिरते, तेव्हा त्यानंतरचा प्रसंग करायचा असेल तर फ्रेम थांबवून बघूनच पाटीचं ठरवा. पहिलं मॉडेल असेल तर मॉलच्या पार्किंगमधली, भट्टीवाली गाडी घ्यावी. तिचे फोटो भरपूर आहेत, उडायची भानगड नाही.

संदर्भाला हौशी लोकांनी बांधलेल्या नकलांचे फोटो वापरू नका. नकलेची नक्कल होते आणि चुका दुप्पट होतात. पहिल्या भागासाठी तीन गाड्या होत्या. त्यातली जवळून चित्रित केलेली मुख्य गाडी दुरुस्त करून लॉस एंजेलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये ठेवलेली आहे. तिचे फोटो आणि सिनेमाच्या फ्रेम एवढाच आधार धरा.

मापं

भागाकार सोपा आहे, प्रत्येक माप भागिले 8. तयार गाडी सुमारे 530 मिमी लांब होते. आरसे सोडून रुंदी 232 मिमी, उंची 142 मिमी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर 301 मिमी. दरवाजे वर केल्यावर उंची 245 मिमीपर्यंत जाते. हा शेवटचा आकडा आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा, काचेची पेटी करताना लागेल.

चाकांपाशी हमखास चूक होते. चारही चाकं सारखी नाहीत. पुढे 195/60 आर 14, मागे 235/60 आर 15. हिशेब केला की मूळ टायरचा व्यास पुढे 590 आणि मागे 663 मिमी येतो. म्हणजे मॉडेलमध्ये पुढचं चाक 73.7 मिमी व्यासाचं आणि 24.4 मिमी रुंद, मागचं 82.9 मिमी व्यासाचं आणि 29.4 मिमी रुंद. एकाच फाइलवरून चार चाकं छापली की गाडी मागे बसल्यासारखी दिसते, आणि नेमकं काय चुकलंय ते महिनाभर सापडत नाही.

सामान

एबीएस फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) दीड किलो. स्टेनलेस 304 चा 0.1 मिमी शिम पत्रा (मशीनच्या भागांत सारायचा अगदी पातळ पत्रा), 300 मिमी रुंदीचा सव्वा मीटर. खरी गरज याच्या निम्मी आहे, पण निम्मा वाया जाणारच. 0.05 मिमी जाडीचा ट्रान्स्फर टेप, म्हणजे मधे फोम किंवा कापड नसलेला, नुसत्या गोंदाचा दुतर्फा टेप. ॲल्युमिनियमची 12 × 3 मिमी पट्टी अर्धा मीटर. चेसिसच्या तळासाठी 3 मिमी काळं ॲक्रिलिक, लेसरवर कापून. एम 2 आणि एम 3 चे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न पडणारे), फायबर वॉशर. टायरसाठी रबरासारखं लवचिक टीपीयू फिलामेंट पाव किलो. गॅरेजवाले वापरतात ती दोन भागांची पुट्टी अर्धा किलो. पॉलिश पेपर 180, 320, 400, 600 आणि 800.

शिम पत्रा हार्डवेअरच्या दुकानात मागितलात तर बहुधा पितळी शिम हातात पडेल. एमआयडीसीतल्या मशीन शॉपना माल देणाऱ्या दुकानात विचारा आणि ‘मऊ’ पत्रा मागा. कडक पत्रा स्प्रिंगसारखा उसळतो, दुमडल्यावर परत उघडतो आणि टेप उचकटून काढतो. दुकानातच कोपरा 90 अंशात दुमडून बघा. बोट काढल्यावर तो 10 अंशांपेक्षा जास्त परतला तर तो पत्रा घेऊ नका.

फुकटचं सामान सोलापुरात भरपूर मिळतं. पॉवरलूमची जुनी, टाकून दिलेली फणी मिळाली तर सोडू नका. तिच्यातल्या चपट्या पोलादी तारा सरळ, एकसारख्या जाडीच्या आणि चकचकीत असतात. मागच्या व्हेंटमधल्या पट्ट्यांसाठी इतकी नेमकी वस्तू छापूनही मिळणार नाही. नवी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून मेलेल्या फोनच्या फ्रेम, छोटे हीटसिंक आणि रिबन केबल घ्या. सिनेमावाल्यांनीही विमानांच्या भंगारातले सुटे भाग लावूनच ही गाडी सजवली होती.

सांगाडा : पीएलए का नको

प्रिंटिंगवाला पहिल्यांदा पीएलए हे प्लास्टिक सुचवेल. छापायला ते सोपं आहे, पण 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा 42 च्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत 60 गाठायला वेळ लागत नाही. छप्पर 2 मिमी खचलं तरी दरवाजे लागत नाहीत. पीईटीजी 80 पर्यंत टिकतं पण घासताना ओढलं जातं, त्याचे धागे निघतात. एबीएस 100 पर्यंत टिकतं आणि पॉलिश पेपरखाली नीट पावडर होऊन निघतं. म्हणून एबीएस.

एबीएसला वारा चालत नाही. खोलीत कूलर चालू असेल तर थर उचलले जातात, कोपरे वर येतात. प्रिंटर बंद खोक्यात ठेवा, नोझल 240 ते 250, बेड 100 अंश, थर 0.15 मिमी, भिंत 1.6 मिमी. छापून झाल्यावर बेड 50 च्या खाली येईपर्यंत खोकं उघडू नका.

एबीएस थंड होताना आकसतंही, साधारण अर्धा ते पाऊण टक्का. 530 मिमीवर तो फरक 3 ते 4 मिमीचा होतो. आधी 100 मिमीची पट्टी छापा, व्हर्निअरने मोजा आणि फाइल तेवढी मोठी करा. सगळे भाग एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच रिळाच्या फिलामेंटमधून काढा. बॉनेट एका रिळाचं आणि बॉनेटचं तोंड दुसऱ्या रिळाचं असलं की फट एका बाजूला 0.4 आणि दुसऱ्या बाजूला 1 मिमी येते.

गाडी 232 मिमी रुंद आहे आणि घरगुती प्रिंटरचा बेड बहुधा 220 चा. तिरकं बसवायच्या नादाला लागू नका. नाकाचा आणि शेपटीचा भाग मधोमध उभा चिरून दोन-दोन तुकड्यांत छापा; तो सांधा पुढे बॉनेटखाली आणि मागे व्हेंट-भट्टीखाली झाकला जातो. बंपर, बॉनेट आणि दरवाजे वेगळे. बॉनेट आडवं छापू नका, कडेवर उभं छापा. उतार इतका कमी आहे की आडवं छापलं तर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या पायऱ्या उमटतात.

छपराचा मधला कणा प्लास्टिकचा ठेवायचा नाही. दोन्ही दरवाजे त्यालाच लटकतात. तिथे ॲल्युमिनियमची पट्टी पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीपासून मागच्या आडभिंतीपर्यंत टाका आणि दोन्ही टोकांना दोन-दोन एम 3 बोल्टनी आवळा. प्लास्टिकचा आकार वरून चिकटवायचा.

सांधे जोडायला बाजारचं काही नको. छापताना निघालेला 10 ग्रॅम एबीएस कचरा 60 मिली ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवला की दाट चिक तयार होतो. तो आतून भरा. ॲसिटोन चटकन पेटतं. खिडकी उघडी आणि गॅसची शेगडी दुसऱ्या खोलीत असू द्या.

लांबी

शंभर ग्रॅम पुट्टीला दोन ग्रॅम हार्डनर हे नेहमीचं प्रमाण. उन्हाळ्यात ते एक ते दीड ग्रॅमवर आणा. नाहीतर पट्टीवर घेतलेली पुट्टी गाडीपर्यंत पोचायच्या आत दह्यासारखी फाटते, आणि तशीच लावली तर घासताना खपल्या निघतात. एका वेळी लिंबाएवढाच गोळा कालवा.

घासायला हात नको, लाकडी गुटका हवा. काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारा, 180 ने घासा. जिथे काळं उरलं तिथे खड्डा. हे तीन-चार वेळा करावं लागतं आणि कंटाळा येतो. पण 0.1 मिमीचा पत्रा खालचा प्रत्येक उंचवटा वर दाखवतो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दरवाज्यावर सरळ पडायला हवं. वाकडं दिसलं तर तिथे लाट आहे. 400 च्या पुढे मात्र जाऊ नका, टेपला पकडायला थोडा खडबडीतपणा लागतो.

पत्रा

बरेच जण इथे चंदेरी रंगावर भागवतात. काळ्या चकचकीत थरावर मेटॅलिक मारून त्यावर बारीक पेपर ओढला की फोटोत बरं दिसतं. समोरासमोर दिसत नाही. स्टेनलेसवरचे केस, म्हणजे घासल्याच्या बारीक समांतर रेघा, प्रकाशात हलतात, तुम्ही गाडीभोवती फिरलात की पॅनेल उजळतं आणि काळवंडतं. रंगाला ते येत नाही. शिवाय डिलोरियनची पॅनेल बरीचशी सपाट आणि एकाच दिशेने वळलेली आहेत, त्यामुळे खरा पत्रा लावणं इथे शक्य आहे.

केस आधी, कापणी नंतर. पूर्ण पत्रा जाड काचेवर कडांना टेपने चिकटवा. 60 मिमीच्या गुटक्याला 600 चा पेपर लावा, बाजूला लोखंडी पट्टी घट्ट बसवा आणि तिच्या आधाराने गुटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढा. फक्त एकाच दिशेने. परत येताना उचलून आणायचा. मधे थांबलात तर तिथे आडवी रेघ पडते आणि ती कधीच जात नाही. सुरुवातीचे आणि शेवटचे 20 मिमी वाया जाणार असं धरूनच चाला, कारण हात टेकताना आणि उचलताना केस वाकतात. 600 चे चाळीस-पन्नास हात झाले की 800, मग राखाडी नायलॉनचा पॅड. मूळ गाडीचे केस जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. 1:8 मध्ये ते त्याहून बारीक हवेत.

भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी इथे फिरवू नका. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके उठतात. लोक मग पत्रा खोटा निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावतात.

पॅनेलचा साचा असा काढा. तयार घासलेल्या पॅनेलवर मास्किंग टेप चिकटवा, कडेने ब्लेड फिरवा आणि टेप उचलून जाड कागदावर लावा. मागे बाण काढा : गाडीची लांबी कुठल्या दिशेला आहे तो. बाजूंवर केस आडवे, पुढून मागे जातात. दोन दरवाज्यांत बाणाची दिशा पाच अंशांनी चुकली तर उन्हात एक दरवाजा उजळ आणि दुसरा काळपट दिसतो. दुमडायला चारी बाजूंनी 2 मिमी वाढवा.

कात्रीने कापू नका, कड गुंडाळते. नवं सर्जिकल ब्लेड लोखंडी पट्टीला धरून हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवा, मग पत्रा दोन-तीनदा मागेपुढे वाकवा, सरळ तुटतो. कड 800 ने मोडा. ही कड कागदासारखी बोट कापते आणि जखम दिसायच्या आधी पत्र्यावर रक्त दिसतं. पातळ सुती हातमोजे घाला. बोटांचे ठसेही वाचतात.

आता चिकटवणं, आणि इथे हिशेब लागतो. स्टेनलेस तापल्यावर जेवढं वाढतं, त्याच्या चार-पाच पट एबीएस वाढतं. डिसेंबरची पहाट 15 अंशांची आणि मेची दुपार 42 ची, म्हणजे 27 अंशांचा फरक. 200 मिमीच्या पॅनेलवर पत्रा आणि प्लास्टिक यांच्यात सुमारे 0.35 मिमीची ओढाताण होते. सुपरग्लू किंवा कडक एपॉक्सी ही ओढ सोसत नाही. हिवाळ्यात लावलेलं पॅनेल एप्रिलमध्ये एका कडेने टुक्कन सुटतं, किंवा सुटत नाही आणि मधे फुगतं. ट्रान्स्फर टेपचा गोंद रबरासारखा सरकतो, म्हणून तो. जमलं तर हे काम 28 ते 30 अंशांच्या दिवसात करा. मग दोन्हीकडची ओढ सारखी वाटली जाते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसा. टेप पत्र्याला लावा, मागचा कागद एका कडेने 20 मिमी सोडवा, ती कड जुळवून दाबा आणि मग कागद थोडा थोडा ओढत पुढे पुढे रोलर फिरवा. गाडीच्या काचेला फिल्म लावतात तसं साबणाचं पाणी मारायचा मोह होईल. मारू नका. पत्राही पाणी सोडत नाही, प्लास्टिकही नाही, त्यामुळे आत अडकलेलं पाणी तिथेच राहतं.

चाकांच्या कमानीजवळ पत्रा सुरकुततो. दुमडायच्या भागाला दर 5 मिमीवर चीर द्या, पाकळ्या आत वळवा. चाकामागे त्या दिसत नाहीत. वळत नाही म्हणून गॅसच्या टॉर्चची ज्योत मारलीत तर पत्रा सोनेरी-निळा होतो आणि तेवढं पॅनेल भंगारात जातं.

फटीचा हिशेब फाइल बनवतानाच करायचा. मूळ गाडीची फट साधारण 5 मिमी धरली तर मॉडेलमध्ये 0.6 मिमी हवी. पत्रा 0.1, टेप 0.05, म्हणजे प्रत्येक कडेला 0.15 आणि समोरासमोरच्या दोन कडांना 0.3 मिमी खर्च होतात. फाइलमध्ये फट 0.9 ठेवा. हे विसरलं तर पत्रा लावल्यावर दरवाजा चौकटीत जातच नाही, आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

पुढचे आणि मागचे बंपर मात्र पत्र्याचे नाहीत. मूळ गाडीतही ते रंगवलेल्या लवचिक प्लास्टिकचे होते आणि त्यांचा राखाडी रंग स्टेनलेसशी हुबेहूब जुळत नव्हता. तिथे पत्रा लावून ‘सुधारणा’ करू नका.

दरवाजे

पत्र्यासकट एक दरवाजा 70 ते 80 ग्रॅमचा होतो. उघडताना त्याचं वजन बिजागरीपासून आठ-नऊ सेंटीमीटर बाहेर जातं, म्हणजे बिजागरीवर पाऊण किलो-सेंटीमीटरच्या आतबाहेर ताण. मूळ गाडीत हा भार पिळलेली पोलादी दांडी आणि गॅसचा दट्ट्या मिळून घेतात. मॉडेलमध्ये पियानो वायर पिळून तसंच करता येतं, पण दरवाजा लावल्यावर ती सतत वर ढकलत राहते आणि कुलूप कितीही घट्ट केलं तरी महिन्याभरात मागचा कोपरा 1 मिमी वर येतो.

त्यापेक्षा घर्षणाची बिजागरी सरळ. प्रत्येक दरवाज्याला दोन, प्रत्येकीत एम 2 बोल्ट, दोन्ही बाजूंना फायबर वॉशर आणि नायलॉक नट. नट एका वेळी आठवा हिस्सा फिरवून आवळा. दरवाजा कुठेही सोडला तरी तिथेच थांबला पाहिजे. दोन्ही बिजागऱ्यांचा आस एका रेषेत असावा म्हणून चिकटवताना दोघींतून एकच 2 मिमीची सळई ओवून ठेवा आणि नंतर काढून बोल्ट घाला. नट आवळायला आतून जागा ठेवा. वर्षभराने पुन्हा आवळावे लागतात आणि तोवर छताचं अस्तर चिकटवून टाकलेलं असतं.

दिवे

सिनेमातल्या गाडीसारखे आपल्याला 1.21 गिगावॅट नकोत. 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा मोबाइल चार्जर पुरतो. गाडीत लिथियमची बॅटरी ठेवू नका. बंद पेटी आणि मे महिना हे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. वीज तळातून, स्टँडच्या नळीतून आणा आणि आत येताच 1.5 अँपिअरचा पॉलिफ्यूज (करंट वाढला की वीज अडवणारा आणि नंतर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) टाका.

फ्लक्स कपॅसिटरचं (सिनेमात काळप्रवास घडवणाऱ्या यंत्राचं) खोकं मॉडेलमध्ये सुमारे 45 मिमी उंच येतं. आत वाय आकारात तीन भुजा, प्रत्येकीत 0603 या छोट्या मापाचे चार पांढरे एलईडी. प्रकाश टोकाकडून मधे धावतो. म्हणून तिन्ही भुजांतले एकाच क्रमांकाचे तीन एलईडी आर्डुइनो नॅनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाच्या) एका पिनवर घ्या. बारा दिव्यांना चारच पिन लागतात. प्रत्येक एलईडीला वेगळा 390 ओहमचा रेझिस्टर लावला की दिव्यामागे 5 मिलिअँपिअर आणि पिनमागे 15 जातात, नॅनोला ते चालतं. तीन एलईडींना मिळून एकच रेझिस्टर लावला तर एक भुजा उजळ आणि दोन मंद पेटतात. दर टप्प्याला 60 मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि सिनेमा शेजारी लावून वेग जुळवा. खोक्यावरच्या ‘शील्ड आइज फ्रॉम लाइट’च्या लाल पट्ट्या उठावदार अक्षरांच्या आहेत. सपाट छापल्या तर खोट्या दिसतात. लाल कागदावर अक्षरं मागून कोऱ्या सुईने दाबून काढा.

तारखांचे तीन फलक : वर लाल, मधे हिरवा, खाली पिवळा. या मापात खरे अंक बसत नाहीत. तारखा पारदर्शक ओएचपी फिल्मवर काळ्या पार्श्वभूमीत उलट छापा, दोन फिल्म एकावर एक जुळवा (एकीतून प्रकाश झिरपतो), मागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे त्या त्या रंगाचे एलईडी. तीन फलकांमध्ये काळ्या कार्डाची आडभिंत हवी, नाहीतर हिरव्यात लाल मिसळून मधली ओळ पिवळट होते. वरच्या ओळीत 5 नोव्हेंबर 1955, मधल्या ओळीत 26 ऑक्टोबर 1985.

तारा 30 गेजच्या. गाडीवरचा प्रत्येक पत्रा कंडक्टर आहे, हे वायरिंग करताना कुणाच्या लक्षात राहत नाही. फटीच्या कडेला इन्शुलेशन सोललेल्या दोन तारा एकाच पत्र्याला टेकल्या की शॉर्ट होतं, आणि कुठे टेकल्या ते शोधायला अर्धं छप्पर उतरावं लागतं. प्रत्येक सोल्डरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा इन्शुलेशन टेप) लावा, आणि पत्रा चढवायच्या आधीच मल्टिमीटरचं एक टोक ग्राउंडच्या (ऋण) तारेला आणि दुसरं प्रत्येक दिव्याच्या तारेला लावून तपासा.

आत-बाहेरचं बाकी

गालिच्याला कापड वापरलं तर त्याची वीण आठ पट मोठी दिसते. टेरी टॉवेलच्या कारखान्यात लूप कातरताना उडणारा कापूस मिळवा, चहाच्या गाळणीतून ओल्या फेव्हिकॉलवर चाळा, वाळल्यावर उलटं करून झटका. अगदी मखमली गालिचा होतो. हाच कापूस रंगाचा मात्र वैरी. सोलापूरच्या पूर्व भागात, लूम चालू असलेल्या गल्लीत बंपर रंगवायला घेतलात तर प्रत्येक थरात दोन-चार तंतू बसतात. लूम बंद असतील तेव्हा, जमीन पाण्याने शिंपडून, सकाळी सहा ते आठच्या दरम्यान रंगवा. त्यानंतर ऊन चढलं की रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो; तरीही दुपारी मारायचाच असेल तर हळू वाळणारा थिनर मागा. सप्टेंबरच्या पावसात ड्यूको (फवारून मारायचा चटकन वाळणारा रंग) पांढरा पडतो. रंगाचं सगळं काम दिवाळी ते सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा या काळात उरकावं.

काचांना 0.5 मिमी पारदर्शक पीईटी शीट पुरते. सुपरग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. पाण्यावरचा पारदर्शक गोंद वापरा. दरवाज्याच्या काचेत टोलनाक्यापुरती उघडणारी छोटी खिडकी आहे, ती नुसत्या रेघेने का होईना दाखवा.

टायर टीपीयूचे छापून जमिनीला टेकणारा भाग 120 च्या पेपरने घासा, छापलेली चकाकी जाते. बाहेरच्या नळ्यांची जाडी मोजूनच घ्या : खरी नळी 25 मिमीची असेल तर इथे 3 मिमी. हातात आलेली वायर लावली की गाडीला अजगर गुंडाळल्यासारखं दिसतं. गिटारची तार, सोल्डरची तार आणि बॉलपेनची स्प्रिंग या तिघांत बहुतेक नळ्या निघतात.

शेवटी पेटी. गाडी 530 × 232 ची म्हणून 560 × 260 ची पेटी बनवून आणतात आणि मग दरवाजे कायमचे बंद ठेवावे लागतात. 3 मिमी ॲक्रिलिक, आतून 620 × 340 मिमी, उंची स्टँड धरून 300. मागच्या भिंतीत वर-खाली 8 मिमीची दोन-दोन भोकं ठेवा आणि त्यांना आतून चहागाळणीची जाळी लावा; दिव्यांची उष्णता जाते, धूळ येत नाही. पेटी पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका.